वाघ, नर, प्रौढ

तो खांब आपल्याच दारासमोर लागला पाहिजे असा हट्ट गुणवंतराव गुरुजींनी धरला नसता, तर तो पाण्याच्या टाकीजवळ लागला असता, आणि पुढे जे काही व्हायचं ते टाकीचं झालं असतं.

गाव चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाताना लागतं. नाव सांगत नाही. त्या गावावर आधीच बरंच हसून झालेलं आहे. गावाला नगर परिषद आहे, बसस्टँड आहे आणि तीन बाजूंनी जंगल आहे. चौथ्या बाजूलाही जंगलच होतं. तिथे आता सागवान नगर नावाची कॉलनी आहे. हा बदल वाघाला कोणी कळवलेला नव्हता, त्यामुळे तो अधूनमधून जुन्या सवयीने येऊन जायचा.

अशात गावाला स्मार्ट करायची योजना आली. आधी फाइव्ह जीचा टॉवर उभा राहिला आणि मग त्याच्या जोरावर चालणारे खांब आले. मोठ्या शहरांतले असले खांब म्हणे रस्त्यावरच्या गाड्या मोजतात. आमच्याकडे मोजण्याइतक्या गाड्या नाहीत, म्हणून खांबाला वाघाचं काम दिलं. वर कॅमेरा, त्याखाली भोंगा, त्याखाली हवा आणि तापमान दाखवणारी पाटी. कॅमेऱ्याला वाघ दिसला की डोळ्याचं पातं लवायच्या आत भोंगा वाजणार, गावातल्या प्रत्येक फोनवर फोटोसकट निरोप जाणार, शाळेची व्हॅन जागच्या जागी थांबणार, नाक्यावरचा अडथळा आपोआप खाली येणार आणि वनरक्षकाने मोकळीक देईपर्यंत कोणी घराबाहेर पडायचं नाही. हे सगळं एकाच क्षणी. नेटवर्कच तेवढं वेगवान होतं.

गुरुजींची सगळी नोकरी भामरागडकडच्या शाळांत गेलेली. पावसाळ्यात नदीला पूर आला की रस्ता बंद, फोन बंद, आणि जगात काय चाललंय ते पाणी उतरल्यावर शिळंपाकं कळायचं. फोन लावायला टेकडी चढायची आणि टेकडीवर गेल्यावर कळायचं की आज टेकडीवरही नाही. असा माणूस मुख्याध्यापक म्हणून रिटायर होऊन कॉलनीत घर बांधतो आणि कळतं की सगळ्यात वेगवान नेटवर्क आता एका खांबात बसून येणार आहे. तो खांब दुसऱ्याच्या दारात कसा जाऊ देईल? गुरुजी वॉर्डाच्या स्मार्ट समितीचे अध्यक्ष झाले, नगर परिषदेच्या पायऱ्या झिजवल्या आणि खांब दारात आणला. उद्घाटनाला त्यांनी भाषण केलं. ते लांबलं, पण अध्यक्षांचं होतं.

रुखमाबाई, म्हणजे गुरुजींची बायको, भाषण संपल्यावर एवढंच म्हणाली, "अवो, थो कॅमेरा तं सारा आपल्या आंगनातच पाहून राह्यला. मी केस कुठी वाळवू?"

"मागचं आंगन हाये ना," गुरुजी म्हणाले. विज्ञानापुढे केसांचा प्रश्न काढावा, याचं त्यांना वाईट वाटलं.

पहिला त्रास पाटीने दिला. मे महिना होता. पूर्वी लोकांना नुसतं गरम व्हायचं. आता दशांशासकट गरम होऊ लागलं. येणारा-जाणारा पाटीकडे बघे, कपाळ पुसे आणि गुरुजींच्या खिडकीकडे अशा नजरेने पाही की जणू आतून तेच आकडा वाढवतायत. शेजारचा सुनिल, त्याचं मोबाइलचं दुकान आहे, एक दिवस म्हणाला, "गुरुजी, खांब लागल्यापासून तुमच्या कोपऱ्यात ऊन जास्त पडून राह्यलं, नाई?" सुनिलला गावात यंत्रातला जाणकार मानतात. गुरुजींनी उत्तर देणं टाळलं. मुख्याध्यापकाला कुठे गप्प बसायचं ते कळतं.

पण खरा अपमान अजून यायचा होता. तो एका सकाळी आला.

गुरुजी अंगणात मोगऱ्याच्या कुंडीतलं गवत उपटत होते. अंगात बनियन आणि खाली बदामी रंगाचा, काळ्या पट्ट्यांचा पायजमा. गवत उपटायचं तर वाकावं लागतं आणि वाकलं की माणसाची एक बाजू खांबाकडे येते. भोंगा असा बोंबलला की झाडावरचे बगळे उडाले. खांबातली बाई शुद्ध मराठीत सांगू लागली, "नागरिकांनो, परिसरात व्याघ्र दर्शन झाले आहे. कृपया घरातच थांबा." गुरुजी खुरपं टाकून घरात पळाले, कडी लावली आणि खिडकीच्या फटीतून वाघ शोधू लागले. शेजारीपाजारी धडाधड दारं लागली. तेवढ्यात फोन वाजला. फोटो आला होता. खाली लिहिलं होतं : वाघ, नर, प्रौढ. खात्री ऐंशी टक्के.

रुखमाबाईने चष्मा लावून फोटो पाहिला, लांब धरून पाहिला, पुन्हा जवळ घेऊन पाहिला.

"अवो," ती म्हणाली, "हा तं तुमचा पायजमा व्हय."

"ऐंशी टक्के वाघ म्हणते थे," गुरुजी कसेबसे म्हणाले.

"मंग उरलेले मुख्याध्यापक असतीन."

तो फोटो गावातल्या प्रत्येक फोनवर गेला होता. नेटवर्क वेगवान असल्याने कुणाकडे उशिरा पोचला, कुणाकडे धूसर पोचला, असंही काही झालं नाही. बसस्टँडवरच्या चहावाल्याने गुरुजींना "या वाघोबा" म्हटलं. गुरुजी त्याच्याकडे नंतर कधी गेले नाहीत. तरी एकांतात 'नर, प्रौढ' हे शब्द त्यांना अगदीच नकोसे वाटत नव्हते, हेही खरं.

सल्ले त्याच दिवशी सुरू झाले. सुनिल म्हणाला, "पायजमा बदला." त्याची बायको उर्वशी म्हणाली, "पायजमा कायले बदलाचा? वाकू नका म्हणा." कुणी म्हणालं अंगणाला हिरवी जाळी लावा. कुणी म्हणालं कॅमेऱ्यावर फडकं टाका, पण ते सरकारी मालमत्तेचं नुकसान ठरेल, असं त्यांचंच पुढे म्हणणं पडलं. गुरुजींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि शेवटी रीतसर तक्रार करायचं ठरवलं. इथे ते चुकले.

नगर परिषद म्हणाली, खांब कंपनीचा आहे. कंपनीचा फोन म्हणाला, वाघासाठी एक दाबा, बिबट्यासाठी दोन दाबा. आपण वाघ नसल्यास काय दाबावं, याची सोय नव्हती. गुरुजींनी एक दाबला, तर भोंगा पुन्हा वाजला. शेवटी कंपनीचा इंजिनिअर आदेश व्हिडिओ कॉलवर आला. चित्र इतकं लख्ख की त्याच्या शर्टाच्या खिशावरचा शाईचा डाग दिसत होता.

"काका, टेन्शन घेऊ नका," आदेश म्हणाला. "सिस्टम शिकून राह्यली हाये सध्या."

"मी जनमभर शिकवलं," गुरुजी म्हणाले. "माह्या वर्गातल्या पोराले पह्यल्या दिवशी माणूस आन वाघ वेगळा सांगता येत होता."

"बरोबर हाये काका. पण याले भरपूर उदाहरणं लागतात. तुमी जेवढ्या वेळा दिसान तेवढं चांगलं."

तेवढ्या वेळा गुरुजी दिसले. शिवाय वाळत घातलेली पट्ट्यापट्ट्यांची चादर दिसली, उर्वशीचं पिवळं मांजर दिसलं, कुल्फीवाल्याची छत्री दिसली. दर वेळी भोंगा, दर वेळी दारं बंद, दर वेळी वनरक्षक लोकेश मोटारसायकलवरून धापा टाकत यायचा. लोकेश हेमलकसाकडचा, गुरुजींच्याच शाळेत शिकलेला. तो अंगणात उभा राहून मान खाली घालायचा, कारण हसू आलं तर गुरुजींना दिसू नये.

"लोकेश, तूच लिहून दे बाप्पा, की इथी वाघ नाई," गुरुजी एकदा काकुळतीला येऊन म्हणाले.

"गुरुजी, वाघ दिसला त पंचनामा करता येते. नाई दिसला त्याचा कसा करू? ठसे नसल्याचे फोटो मांगतीन साहेब."

"मंग काढ ना फोटो."

"कुठचा काढू? साऱ्या जिल्ह्यात नाईत ठसे."

इतकी दर्शनं झाल्यावर यंत्राने आपल्या बुद्धीप्रमाणे निष्कर्ष काढला. गावाच्या नकाशावर गुरुजींच्या घराभोवती लाल गोल उमटला : अतिसंवेदनशील क्षेत्र. तो नकाशा सगळ्यांच्या फोनमध्ये. सिलिंडरवाला सिलिंडर नाक्यावर ठेवून फोन करू लागला. दूधवाला कोपऱ्यावरून हाक मारू लागला. त्यांना वाघाची भीती नव्हती. गुरुजींचा वाघ कोण हे गावाला पाठ होतं. पण लाल गोलात गेलं आणि भोंगा वाजला की मोकळीक मिळेपर्यंत तिथेच अडकून पडावं लागे, उन्हात, गाडीसकट. त्यापेक्षा न गेलेलं बरं, असं एकेकाने ठरवलं.

गुरुजींना अपमान दिसत होता. दुसरं एक घडत होतं, ते त्यांच्या नजरेत भरलं नाही.

दर मे महिन्यात कॉलनीतल्या बायका रुखमाबाईच्या गच्चीवर कुरडया घालायच्या. रुखमाबाईचा हात चिकाला चांगला. पहाटेपासून गच्चीवर हसणं-खिदळणं, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या सासूचं, कुणाच्या नवऱ्याच्या घोरण्याचं सगळं तिथे निघायचं. भामरागडकडच्या खोल्यांमध्ये शेजार म्हणून जंगलच मिळालं होतं तिला. ही गच्ची तिला उशिरा मिळाली होती आणि ती जपून होती. यंदा गहू भिजवून झाले, चीक तयार झाला, आणि बायका उर्वशीकडे गेल्या. उर्वशी सांगायला आली, गेटच्या बाहेरूनच. "बाई, राग नोका मानू. पण भोंगा वाजला त दिवसभर तुमच्याचकडे अडकून पडाव लागते. पोरं घरी राह्यतात."

"नाई वं, राग कायचा," रुखमाबाई म्हणाली आणि आत जाऊन भांडी आवरू लागली. तिने कपाटातून तिची जुनी पिवळी सुती साडी काढली. काळ्या आडव्या रेघांची, कुरडयांच्या दिवसांची साडी. डाग पडले तरी चालतात म्हणून.

त्याच सकाळी गुरुजींना नगर परिषदेच्या नियंत्रण कक्षातून बोलावणं आलं. आज निकाल लागणार होता.

"आज नोका जाऊ," रुखमाबाई म्हणाली. "चिकाचं पातेलं वर न्याचं हाये. उचलाले कोणीतरी पाह्यजे."

"अवं, आज मोकळं होते सारं. उद्या त्याच बाया येतीन पाय तुह्या गच्चीवर." गुरुजींनी ठेवणीतला सदरा घातला. पट्टे कुठेही नाहीत याची दोनदा खात्री करून घेतली. "मी आलो की उचलतो."

नियंत्रण कक्ष थंडगार होता. एक भिंत भरून पडदे. कुठे बसस्टँड, कुठे बाजार, कुठे नुसता रिकामा रस्ता. कक्षाच्या प्रमुख दीपाली मॅडम तरुण होत्या, आदराने बोलणाऱ्या. आदेशही आलेला. गुरुजींना खुर्ची, चहा, पंख्याखाली जागा. एवढा मान त्यांना खांब लागल्यापासून मिळाला नव्हता. त्यांनी सगळी कहाणी पहिल्यापासून सांगितली. मॅडमनी मधे मधे "अरेरे" म्हटलं.

आणि कहाणी पायजम्यापाशी आलेली असतानाच भिंतीवरचा एक पडदा लाल झाला. लाल गोल. सागवान नगर. गुरुजींचं घर. खाली अक्षरं उमटली : वाघ, मादी, प्रौढ. खात्री नव्वद टक्के. जिन्याच्या पायथ्याशी काहीतरी पिवळं-काळं पडलेलं दिसत होतं. खिशात गुरुजींचा फोनही वाजला.

गुरुजी खुर्चीवरून उभेच राहिले. आनंदाने.

"पाहा! पाहा मॅडम! तुमच्या डोळ्यादेखत! माह्या बायकोची चादर पडली असन वाऱ्यानं, आन हा म्हणते वाघीन!"

सगळा कक्ष हसला. आदेश हसला, मॅडम ओढणी तोंडाशी धरून हसल्या, चहा आणणाराही हसला. आणि गुरुजी सगळ्यांत जास्त हसले, कारण इतक्या दिवसांत पहिल्यांदा लोक त्यांच्यावर नाही, त्यांच्याबरोबर हसत होते. "आता तुमीच साक्षीदार," ते म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "गुरुजी, संध्याकाळपर्यंत तुमचं घर सिस्टममधून काढून टाकायला लावते." दुसरा चहा आला. गुरुजींनी तो सावकाश घेतला. मग आदेशला शिक्षणशास्त्रावर थोडं सांगितलं. भोंगा तिकडे वाजतच होता, पण कक्षाची काच जाड होती.

परत येताना ऊन मी म्हणत होतं आणि रस्ते ओस होते. नाक्यावर अडथळा खाली. गुरुजी त्याच्याखालून वाकून गेले. बंद दारांकडे पाहून त्यांना मौज वाटली. सुनिलच्या दारावर त्यांनी थाप मारली. "निंगा बाहेर! चादर हाये!" आतून कडी अजून एकदा लावल्याचा आवाज आला.

गेट उघडलं तर अंगणात चीक सांडलेला. पातेलं उपडं. जिन्याच्या पायथ्याशी रुखमाबाई, एक पाय नको तसा वळलेला, चेहरा उन्हाने काळा-लाल झालेला.

"आले का?" ती म्हणाली. ओठ सुकून चिकटले होते. "आवाज देऊन राह्यली होती. थ्या भोंग्यात कोनाले ऐकू जाते..."

आपण काय ओरडलो ते गुरुजींना नंतर आठवेना. सुनिलची खिडकी बोटभर उघडली.

"गुरुजी, वाघ गेला का?"

"वाघ नाई रे! रुखमा हाये! ये ना बाप्पा!"

सुनिल आला. उर्वशीही आली, पाण्याचा तांब्या घेऊन, रडतच. "आमी ऐकलं, बाई," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "गुरुजी घरी नव्हते, आमाले वाटलं आज खराच वाघ आला, तुमी घाबरल्या म्हणून ओरडून राह्यल्या." रुखमाबाईचं डोकं मांडीवर घेऊन ती पदराने सावली करत बसली.

अॅम्ब्युलन्स लगेच निघाली आणि लगेच थांबली. नाक्यावरचा अडथळा तिच्यासाठीही खाली होता. मोकळीक मिळाल्याशिवाय तो वर जात नव्हता आणि हाताने उचलू म्हटलं तर हलत नव्हता. मोकळीक द्यायला लोकेश आला. त्याने फोन काढला. फोनमध्ये तीनच पर्याय : वाघ पकडला, वाघ जंगलात परतला, वाघ मृत. लोकेश घामाने निथळत उभा. "गुरुजी, याच्यात 'नव्हता' असं लिहूनच नाई."

"दाब ना काईतरी!" गुरुजी किंचाळले.

लोकेशने 'जंगलात परतला' दाबलं. अडथळा वर गेला. गावातल्या प्रत्येक फोनवर आनंदाची बातमी गेली आणि दारं उघडली. सुनिल आणि लोकेशने रुखमाबाईला बाजेवर घालून उचललं. उघडलेल्या दारांतून लोक ती बाज पाहत होते.

चंद्रपूरच्या दवाखान्यात कळलं की खुब्याचं हाड मोडलंय आणि उन्हाने आतून बरंच नुकसान केलंय. हाड जोडता येईल. चालणं? "पाहू," डॉक्टर म्हणाले. गुरुजींनी आयुष्यभर मुलांच्या आईबापांना "पाहू" म्हटलं होतं. त्याचा अर्थ त्यांना माहीत होता.

ऑपरेशन झालं. घर सिस्टममधून काढल्याचा दीपाली मॅडमचा निरोप आला, सोबत दिलगिरी. गुरुजींनी उत्तर पाठवलं नाही. वॉर्डात दुपारी सामसूम असायची. रुखमाबाई छताकडे बघत पडलेली असायची. गुरुजी स्टुलावर बसून तिच्या पायाला लागणार नाही अशा बेताने चादर सारखी करायचे, आणि पुन्हा सारखी करायचे.

एका दुपारी ती म्हणाली, "उर्वशी सांगत होती. माहा फोटो साऱ्याइले आला म्हणे."

"हो."

"तुमाले?"

"आला होता."

"मंग?"

गुरुजींना बरंच काही सांगता आलं असतं. यंत्र, आदेश, शिकणं, खात्री, नव्वद टक्के. "चादर वाटली," ते म्हणाले.

बाजूच्या खाटेवरची बाई कण्हली आणि गप्प झाली.

"दाखवा बरं," रुखमाबाई म्हणाली. "कशी दिसून राह्यली होती मी?"

गुरुजींनी फोन काढला. इतक्या दिवसांत तो फोटो त्यांनी पुन्हा उघडला नव्हता. आता दोन बोटांनी तो मोठा केला. लख्ख होता. साडीच्या रेघा दिसत होत्या, सांडलेला चीक दिसत होता, मोडलेली बांगडी दिसत होती. आणि एक हात. कोपरातून उचललेला, पंजा उघडा, सरळ खांबाच्या दिशेने धरलेला.

फोन त्यांनी तिच्यापुढे नेला नाही.

"तू हात वर केला होता," ते म्हणाले.

"केला होता ना," रुखमाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "पडल्याबरोबर बोलाले जमत नव्हतं. म्हटलं खांब तं पाहून राह्यला. तिकडे कोनीतरी बसून पाहत असन."

गुरुजींनी फोन पालथा करून मांडीवर ठेवला.

"पाहत होतो," ते म्हणाले.